मुंबईत झाडांचा पक्ष असता तर तुम्ही त्याला मत दिलं असतं का?

वसुधा_गोरेगाव

मंडळी, हा प्रश्न सहा वर्षं डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते.

४ ऑक्टोबर २०१९. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायची होती, त्याविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने दिवसा फेटाळल्या आणि अंधार पडल्यावर करवती सुरू झाल्या. मी जेवण अर्धवट टाकून निघाले. पिकनिक पॉइंटच्या पुढे सोडत नव्हते. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मोठं झाड पडताना आधी कडकड वाजतं, मग फांद्या शेजारच्या झाडांना घासत खाली येतात, त्याचा आवाज बराच वेळ चालतो. माझ्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी उभी होती, ती प्रत्येक आवाजाला माझा दंड घट्ट धरायची. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती.

पुढे दोनच आठवड्यांनी, २१ तारखेला, विधानसभेचं मतदान. मी यंत्रासमोर उभी राहिले आणि कळेना, कुठलं बटण दाबलं म्हणजे माझा त्या रात्रीचा राग नोंदला जाईल? तोडीच्या बाजूचा पक्ष सरकारात, तोडीच्या विरोधात बोलणारा पक्षही त्याच सरकारात. बाकीच्यांच्या जाहीरनाम्यात पर्यावरण होतं, पण शेवटच्या पानावर.

जर्मनीत, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये हिरव्यांचे पक्ष आहेत, सरकारात बसतात, मंत्री होतात. आपल्याकडे राज्यात किंवा देशात असा दखल घ्यावी लागेल इतका मोठा पक्ष उभा राहिला नाही. माझं मत सांगते: असावा. हरला तरी असावा. निदान माझं मत कुणाला ते मला कळेल. तुम्हाला काय वाटतं?

टवाळ_पार्लेकर

चिन्ह कढीपत्त्याची कुंडी मिळाली तर आमच्या सोसायटीतली पन्नास मतं पक्की. प्रत्येक ग्रिलमध्ये प्रचार आधीच टांगलेला आहे. :)

मधुमालती

टवाळ, तुळस घ्या ना मग, अख्खा महाराष्ट्र तुमचा!

वसुधाताई, मी देईन मत. त्या रात्री मीही तिथेच होते, दिंडोशीच्या बाजूला. आपण भेटलोही असू.

गणिती_मुलुंड

ताई, भावना पोचली. पण आधी मोजणीचा नियम बघू, कारण सगळं तिथे अडतं.

न्यूझीलंडमध्ये १९७२ साली व्हॅल्यूज पार्टी निघाली. देशपातळीवरच्या हिरव्या पक्षांत सगळ्यात जुन्यांपैकी ही. १९७५च्या निवडणुकीत तिला ५.२ टक्के मतं मिळाली, आणि जागा शून्य. तिथे तेव्हा आपल्यासारखीच पद्धत होती, मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांची मतं पाण्यात. १९९६पासून तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळू लागल्या. १९९९ला ग्रीन पार्टीला जवळपास तेवढीच, पाच टक्क्यांच्या थोडी वर मतं मिळाली आणि जागा आल्या सात. माणसं तीच, मतंही साधारण तेवढीच.

ब्रिटनचं बघा. १९८९च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तिथल्या हिरव्यांना जवळजवळ १५ टक्के मतं पडली. एकही जागा नाही. १९९९ला पद्धत बदलली, तेव्हा निम्म्याहून कमी मतांत दोन जागा आल्या. जर्मनीत १९८० साली पक्ष स्थापन झाला आणि १९८३ला ५.६ टक्के मतांवर २७ खासदार बसले. तिथे पाच टक्क्यांचा उंबरा आहे, तो ओलांडला की आत.

आता आपल्याकडे. २०१४ला मेधाताई पाटकर ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या होत्या, आम आदमी पक्षाकडून. नर्मदेपासून मुंबईच्या झोपडपट्टीपर्यंत तीसेक वर्षांचं काम, घराघरात माहीत असलेलं नाव. मतं पडली पाऊण लाखाच्या आसपास आणि एकूण मतांच्या सहाव्या हिश्शाचा निकष पुरा न झाल्याने अनामतही गेली. मी त्यांना मत दिलं होतं. त्या संध्याकाळी घरी वडील म्हणाले, वाया घालवलंस. मी अजूनही तसं मानत नाही. पण पाऊण लाख मुंबईकरांचा संसदेत एक आवाजही उमटला नाही, हे खरं आहे.

आजोबा_गिरगाव

पक्ष कशाला हवा, विरोधी बाकावर गेले की सगळेच हिरवे होतात.

१९९५ची निवडणूक आठवते का कुणाला? एन्रॉनचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, अशी घोषणा होती. सरकार आलं, आधीचा करार रद्द झाला, मग वाटाघाटी होऊन नवा करार झाला आणि दाभोळला प्रकल्प उभा राहिला. जैतापूरचा अणुवीज प्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी, प्रत्येक वेळी तेच. नाणारची अधिसूचना २०१९च्या लोकसभेआधी युतीच्या बोलणीत रद्द झाली. २०२२च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनीच केंद्राला बारसूची जागा सुचवणारं पत्र दिलं आणि २०२३ला बारसूत माळरानावर बाया उन्हात आडव्या पडल्या, तेव्हा त्यांचाच पक्ष विरोधात उभा होता. मी एका पक्षाला बोलत नाही. जैतापूरच्या वेळी दुसरे होते, त्यांनीही लोकांवर पोलीसच घातले.

माझं गाव राजापूर तालुक्यात. आमची वाडी दोन्ही बाजूंच्या सभांना गेलेली आहे.

सरळरेषा

आजोबा, तुम्ही जे लिहिलंत त्यावरून तर पक्ष हवाच असं सिद्ध होतं. विरोधी बाकावरून सत्तेत गेल्यावरही जो तेच बोलेल असा.

नेकारकाठ

मूळचा डोंबिवलीचा, बरीच वर्षं श्टुटगार्टला. वसुधाताईंचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, कारण इथे अगदी असंच घडलंय. जरा सविस्तर लिहितो.

इथलं जुनं रेल्वे स्टेशन जमिनीखाली न्यायचा प्रकल्प आहे, श्टुटगार्ट एकवीस. त्यासाठी स्टेशनला लागून असलेल्या राजवाड्याच्या बागेतली जुनी झाडं काढायची होती. ३० सप्टेंबर २०१०ला पोलिसांनी बागेत बसलेल्या लोकांवर पाण्याचे फवारे मारले. शाळकरी मुलं होती, म्हातारी माणसं होती, शंभरावर लोक जखमी झाले. आणि मध्यरात्र उलटल्याबरोबर झाडं पडायला लागली. तारखाही बघा, आरेच्या आणि या रात्रीत चारच दिवसांचं अंतर, वर्षं नऊ.

पुढे सहा महिन्यांनी, मार्च २०११मध्ये, या राज्याची निवडणूक झाली. त्याच्या दोन आठवडे आधी जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला होता. अठ्ठावन्न वर्षं एकाच पक्षाच्या हातात असलेलं राज्य गेलं आणि विनफ्रीड क्रेचमान मुख्यमंत्री झाले, जर्मनीतल्या कुठल्याही राज्याचे पहिले हिरवे मुख्यमंत्री. मर्सिडीज आणि पोर्शच्या राज्यात! २०१६ आणि २०२१ला तर हिरवे राज्यात पहिल्या क्रमांकाचा पक्ष ठरले. म्हणजे ताई, तुम्हाला जे बटण सापडलं नाही ते इथल्या लोकांना सापडलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. क्रेचमान सरकारने प्रकल्पावर जनमत घेतलं, नोव्हेंबर २०११मध्ये. राज्याने प्रकल्पातून अंग काढून घ्यावं का, असा प्रश्न होता. जवळजवळ ५९ टक्के लोकांनी नको म्हटलं. ज्या आंदोलनावर स्वार होऊन पक्ष आला, त्याच स्टेशनचं काम हिरव्या मुख्यमंत्र्याला पुढे चालू ठेवावं लागलं. माझ्या शेजारच्या आजी बागेत फवारे खाल्लेल्या. त्यांनी त्या दिवशी पक्षाचा बिल्ला काढून ठेवला. मत मात्र पुढच्या वेळी पुन्हा हिरव्यांनाच दिलं. मी विचारलं का, तर म्हणाल्या, त्यांनी निदान मला विचारलं तरी.

मधुमालती

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आपल्याला कुणी विचारलंच नाही.

गणिती_मुलुंड

नेकारकाठ, उत्तम प्रतिसाद. केंद्रात काय झालं तेही लिहा. १९९८ ते २००५ ते सरकारात होते ना?

नेकारकाठ

हो, चॅन्सेलर श्रोडर आणि हिरव्यांचे फिशर. योश्का फिशर १९८५ला हेसेन राज्यात पर्यावरणमंत्री म्हणून शपथ घ्यायला खेळाचे पांढरे बूट घालून गेले होते, ते बूट आजही लोकांच्या लक्षात आहेत. तेच पुढे देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. २०००चा अक्षय ऊर्जेचा कायदा त्या सरकारचा. छतावर सौर पॅनेल लावा, वीज ग्रिडला द्या, वीस वर्षं ठरलेला दर मिळेल. त्या हमीमुळे शेतकऱ्यांनी गोठ्यांवर पॅनेलं चढवली, मागणी वाढली आणि जगभर पॅनेल स्वस्त व्हायला मोठा हातभार लागला. आज डोंबिवलीत माझ्या भावाच्या गच्चीवर जे पॅनेल परवडतं, त्याच्या मुळाशी कुठेतरी तो कायदा आहे. माझ्या मते हिरव्या पक्षाची जगातली सगळ्यात मोठी कामगिरी हीच.

आणि झळही सांगतो. १९९९ला कोसोवोच्या युद्धात जर्मन विमानं पाठवायला फिशरनी पाठिंबा दिला, तर त्यांच्याच अधिवेशनात त्यांच्या कानावर लाल रंगाने भरलेली पिशवी फुटली. शांततावादी पक्ष होता तो. अलीकडे २०२३ला घरातल्या हीटरबद्दलचा कायदा आणला, तेव्हा माझ्या मजल्यावरची माणसं रात्र रात्र आकडेमोड करत बसायची, नवीन यंत्राचे पैसे कुठून आणायचे म्हणून. २०२५ला पक्ष ११.६ टक्क्यांवर आला आणि सरकारातून बाहेर पडला.

अवधूत_ठाणे

आयर्लंडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २००७ला हिरवे मोठ्या पक्षाबरोबर सरकारात गेले, मध्येच बँका बुडाल्या आणि २०११ला सहाच्या सहा जागा गेल्या. पुन्हा उभे राहिले, २०२०ला बारा जागा, पुन्हा सरकारात, आणि २०२४ला उरली एक. लहान भागीदाराच्या वाट्याला श्रेय येत नाही, राग मात्र पुरता येतो. आपल्याकडच्या आघाड्यांत छोट्या पक्षांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

डोलकर

मी सहसा वाचतो फक्त. आज लिहितो.

वसुधाताई, तुमच्या रागाबद्दल आदर आहे. पण तुमच्या पक्षात मी कुठे बसतो ते सांगा. आरेच्या वेळी शहर रस्त्यावर आलं. सागरी रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा वरळीच्या नाखव्यांबरोबर किती जण उभे राहिले? खडकावर कालवं, खेकडे, शेवंड मिळायची ती जागा भरणीखाली गेली. मुद्दा होता होड्या समुद्रात जायच्या वाटेचा. पुलाच्या दोन खांबांमध्ये साठ मीटर ठेवले होते. लाटेत होडी आडवी फिरते हे कागदावर काढणाऱ्याला काय कळणार? आमचे लोक भर समुद्रात होड्या घालून काम अडवून बसले. २०२२च्या डिसेंबरात एकशे वीस मीटर कबूल झाले. ते कुठल्या हिरव्या पक्षाने दिले नाहीत. होड्यांनी दिले.

माझा धंदा वरळीचा नाही, पुढच्या एका खाडीतला. आमच्याकडे तिवरं आहेत. तिवरात कोळंबीची पिल्लं वाढतात, म्हणून तिवरं पाहिजेत. तुम्हाला फ्लेमिंगो दिसतो म्हणून पाहिजेत. हरकत नाही, दोघांनाही पाहिजेत. पण पक्षाची पहिली सभा कुठे होणार, पार्ल्यात की बंदरावर?

वसुधा_गोरेगाव

डोलकरदादा, तुमचं बरोबर आहे. मी तेव्हा वरळीला आले नव्हते. आज त्याची टोचणी लागली.

रानवाट

मी आरेतल्या एका पाड्यातली. आमचे २७ पाडे आहेत. त्या रात्री आमची पोरं पकडली गेली, शहरातलीही गेली.

एक गोष्ट शहरातल्या ताई-दादांना सांगायची आहे. २०२०ला आरेतली जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली तेव्हा तुम्ही पेढे वाटले. आमच्या म्हातारीने विचारलं, वन झालं म्हणजे आता आपल्याला उठवणार का? शेजारच्या नॅशनल पार्कात १९९७च्या कोर्टाच्या आदेशानंतर माणसं उठवायला सुरुवात झाली, ती भीती आमच्यात अजून आहे. आमचा वाघोबा जंगलातच आहे, आम्ही त्याला पुजतो, बिबट्या दारावरून जातो. झाड वाचवणारा पक्ष आला आणि त्याला झाडाखालचा माणूस दिसलाच नाही, तर तो आमच्यासाठी आणखी एक साहेबच.

मत देईन का? उमेदवार पाड्यातला असेल तर देईन.

सरळरेषा

हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद. अनुमोदन.

पानवेल_वसई

मुंबईला लागूनच एक प्रयोग झालाय, तो इथे कुणाला आठवला नाही म्हणून लिहिते.

आमच्या वसईत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. केळीच्या वाड्या, पानवेली, गोडं पाणी, सगळ्यावर इमारतींची छाया पडत होती. विहिरींचं पाणी टँकरने शहराकडे चाललं होतं आणि वाडीतलं पाणी खारं होत होतं. मी तेव्हा शाळेत होते, आई मोर्च्याला जाताना फुलं माळून जायची, लग्नाला जावं तशी.

पुढे २००९ला वसई-विरार महापालिका झाली आणि आमची गावं तिच्यात घातली. गावांना ग्रामपंचायतच हवी होती, कारण महापालिका आली की बांधकाम येणार हे दिसत होतं. त्याच वर्षी विधानसभेला विवेक पंडित अपक्ष म्हणून उभे राहिले आणि तालुक्यात वर्षानुवर्षं पाय रोवून बसलेल्या आघाडीला हरवून निवडून आले. त्यांना मोठ्या पक्षांचा पाठिंबा होता हेही खरं. पण गावागावांत प्रचार झाला तो वाडी आणि विहिरीवर.

२०१४ला ती जागा परत गेली. इमारती थांबल्या नाहीत. आमच्या घरामागची वाडी माझ्या चुलत्यांनीच विकली, त्यांच्यावर मी रागावू शकत नाही, मुलीच्या दवाखान्याचा खर्च होता. तरी त्या पाच वर्षांत आमच्या गावातल्या माणसाने विधानसभेत 'विहीर' हा शब्द ऐकला. मला ते थोडं वाटत नाही.

टवाळ_पार्लेकर

पानवेलताई, केळीवरून आठवलं, वसईची राजेळी आता कुठे मिळते हो? सुकेळी खाऊन दहा वर्षं झाली.

पानवेल_वसई

अजून मिळतात, उन्हाळ्यात वाळवतात. पण करणारी घरं फार थोडी उरली. व्यक्तिगत निरोप पाठवते.

चाकरमानी_७७

सुकेळ्यांचा पत्ता मलाही!

संपादक

सुकेळ्यांसाठी खाऊगल्ली विभागात वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे विषयावर चर्चा राहू द्या.

शोभा_चेंबूर

माझं सासर इडुक्कीचं, म्हणून केरळची बाजू. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाट जपण्याबद्दलचा अहवाल २०११ला आला. इडुक्कीचे तेव्हाचे काँग्रेसचे खासदार पी. टी. थॉमस त्या अहवालाच्या बाजूने उभे राहिले. आपल्या मतदारसंघातल्या मळेवाल्यांचा, चर्चचा, स्वतःच्या पक्षाचाही राग पत्करून. लोकांनी त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. २०१४ला पक्षाने त्यांना तिकीट दिलं नाही आणि अहवालाच्या विरोधातला उमेदवार निवडून आला.

माझे सासरे वेलदोड्याचे छोटे बागायतदार. त्यांनी अहवाल वाचला नव्हता. त्यांना एवढंच सांगितलं गेलं होतं की तुमचं घर पाडणार, गाय पाळू देणार नाहीत. अहवालात तर गाडगीळांनी ग्रामसभांना विचारून ठरवा असं म्हटलं होतं. २०१८चा पूर आला तेव्हा आमच्या मळ्याची वरची बाजू खाली आली. त्यानंतर सासऱ्यांनी कुणाकडून तरी अहवालाचा मल्याळी अनुवाद आणवून घेतला.

म्हणून मला पक्षापेक्षा हे जास्त गरजेचं वाटतं, की जे लिहिलंय ते लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत जावं. मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२च्या मार्चमध्ये आला, २०५०पर्यंतचं उद्दिष्ट आहे त्यात. इथल्या किती जणांनी उघडून पाहिलाय? हात वर करा.

अवधूत_ठाणे

माझा हात खाली आहे.

चाकरमानी_७७

थोडं कडू लिहितो. मी रोज विरार लोकल पकडतो. तुम्ही आरेबद्दल बोलता तेव्हा मेट्रोबद्दल बोलत नाही. लोकलमधून पडून माणसं मरतात. भुयारी मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होणार असतील तर तेही पर्यावरणच आहे. हिरवा पक्ष मेट्रोच्या विरोधात उभा राहणार असेल तर माझं मत नाही.

वसुधा_गोरेगाव

चाकरमानी, मेट्रोला विरोध कुणाचाच नव्हता, कारशेडच्या जागेला होता. माझा स्वतःचा मुलगा आज त्या मेट्रोने बीकेसीला जातो. पहिल्या दिवशी मीही बसले, आरे स्टेशनवरून. गाडी छान आहे. पण ती जागा बदलायची का, हा प्रश्न २०१९ला नाही, २०२०ला हो, मग कांजूरच्या पर्यायी जागेला न्यायालयाची स्थगिती, २०२२च्या जुलैत परत आरे, असा सरकारांबरोबर फिरत राहिला. एकदाही लोकांसमोर सगळे पर्याय आणि खर्च मांडून विचारलं गेलं नाही. नेकारकाठ यांच्या शेजारच्या आजींसारखं मीही म्हणते, विचारून हरले असते तर इतकं लागलं नसतं.

निशिगंध

एक व्यावहारिक मुद्दा. 'हिरवा' म्हटलं की आपल्याकडे रंगाचा भलताच अर्थ काढला जातो, आणि भगवा-निळा-हिरवा या भांडणात झाड हरवून जाईल. नाव पाण्यावरून ठेवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मिठी नदीच्या पाण्याने जात-धर्म-पक्ष विचारला नाही. मी कलिना ते कुर्ला गळ्याइतक्या पाण्यातून आले. एका मदरशातल्या मुलांनी दोर लावून आम्हाला पार नेलं. या शहराला एकत्र बांधणारी गोष्ट पाणीच आहे.

मास्तर_दादर

निवृत्त शिक्षक आहे, एक नाव राहून जाऊ नये म्हणून लिहितो. वांगारी माथाई. केनियात १९७७पासून बायकांना घेऊन रोपं लावायची चळवळ. १९८९ला नैरोबीच्या मध्यावरच्या उहुरू पार्कमध्ये सरकारी पक्षाची साठ मजली इमारत येणार होती. ही बाई पत्रं लिहीत राहिली, तिची संसदेत टिंगल झाली, आणि शेवटी इमारत झाली नाही. २००२ला त्या खासदार झाल्या, उपमंत्री झाल्या, २००३ला माझिंगिरा ग्रीन पार्टी काढली. माझिंगिरा म्हणजे स्वाहिलीत पर्यावरण. २००४ला शांततेचं नोबेल. आणि २००७ला त्याच पक्षाकडून उभ्या राहिल्या तेव्हा हरल्या. नोबेल मिळालेली बाई आपल्या मतदारसंघात हरली. बाग मात्र नैरोबीत आहे. मुलांना हा धडा मी पुस्तकाबाहेरचा म्हणून शिकवायचो. शिवाजी पार्कवर नेऊन.

गणिती_मुलुंड

मी सुरुवातीला आकडे देऊन निरुत्साह केला, आता दुसरे आकडे देतो.

२०२४ची लोकसभा, मुंबई उत्तर पश्चिम. आरे ज्यात येतं तोच मतदारसंघ. विजयी आणि पराभूत उमेदवारांत अंतर होतं ४८ मतांचं. अठ्ठेचाळीस! एका इमारतीच्या दोन मजल्यांची मतं. 'नोटा'ला त्याच्या कितीतरी पट मतं होती. म्हणजे आपल्यासारखी दोनशे माणसं जरी नाव-पत्त्यासकट उमेदवारांसमोर बसली आणि म्हणाली, आमचे तीन प्रश्न, लेखी उत्तर द्या, तरी त्या मतदारसंघात कुणालाही त्यांना टाळणं परवडलं नसतं.

वॉर्डात तर हे आणखी सोपं. मुंबईत २२७ वॉर्ड, प्रत्येकी एक नगरसेवक. काही वॉर्डांत काहीशे मतांनी निकाल फिरतो. खासदारकीला हिरवा उमेदवार बुडेल. नगरसेवक म्हणून तरू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या तास्मानिया राज्यात १९७२ला ज्यांनी पेडर तळं धरणात बुडू नये म्हणून गट काढला, त्यांना राज्यातच एकही जागा मिळाली नाही आणि तळंही बुडालं. पण त्याच बेटावर फ्रँकलिन नदीवरचं धरण १९८३ला थांबलं आणि १९८९ला पाच हिरवे आमदार सरकार टिकवायचं की पाडायचं हे ठरवण्याइतके मोठे झाले. लहान जागेतूनच सुरुवात झाली.

सरळरेषा

पण वॉर्डात कितीतरी वर्षं होतंच कोण? मार्च २०२२ला मुदत संपली, तेव्हापासून २०२६च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच. वृक्ष प्राधिकरणात नगरसेवक बसायचे, तेही तेवढा काळ नव्हते.

वसुधा_गोरेगाव

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मूळ प्रश्नाकडे येते.

मी लिहिलं होतं, हरला तरी पक्ष असावा, म्हणजे माझं मत कुणाला ते मला कळेल. डोलकर आणि रानवाट यांचं वाचल्यावर असं वाटलं की तो पक्ष मी माझ्या समाधानासाठी मागत होते. त्यांना समाधान नको आहे, खांबांमधलं अंतर हवंय, घर हवंय. म्हणून राज्याचा पक्ष वगैरे आत्ता बाजूला ठेवते. गणितींचं पटलं, वॉर्ड.

१९७५चा झाडांचा कायदा या निमित्ताने वाचून काढला. वृक्ष प्राधिकरणात कमीत कमी पाच, जास्तीत जास्त पंधरा सदस्य, अध्यक्ष आयुक्त. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचं झाड 'प्राचीन वृक्ष' ठरतं आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. आता आमच्या गल्लीतल्या पर्जन्यवृक्षाचं वय किती हे कुणी लिहूनच ठेवलं नसेल तर? मागच्या वर्षी शेजारच्या एका पुनर्विकासात असंच एक झाड गेलं, कागदावर त्याचं वय बत्तीस होतं. समोरच्या जोशीकाकू म्हणाल्या, माझ्या लग्नाच्या फोटोत आहे ते, १९६८च्या.

म्हणून पुढची निवडणूक लागायच्या आधी मी आमच्या वॉर्डातली जुनी झाडं नोंदवायला घेतली आहेत. खोडाचा घेर, जागा, आणि जमलं तर घरोघरचा जुना फोटो, ज्यात ते झाड दिसतं. रविवारपर्यंत एकोणीस झाली. जो कुणी उमेदवार दारात येईल, कुठल्याही पक्षाचा, त्याच्या हातात ही वही देणार आणि प्राधिकरणात बसलात तर काय कराल ते त्याच वहीत लिहून घेणार. कुणीच लिहिलं नाही तर आमच्यातलं कुणीतरी उभं राहील. मी नाही, मला गुडघ्यांचा त्रास आहे, मधुमालती तरुण आहे.

मधुमालती

ताई!! आधी वहीत मदत करते, मग बघू. माझ्याकडे आजोबांचे १९५५पासूनचे अल्बम आहेत, दिंडोशीच्या टेकडीचे.

रानवाट

आमच्या पाड्यातल्या झाडांचे फोटो नाहीत, पण कुठलं झाड कुणाच्या जन्माच्या वेळी केवढं होतं हे म्हातारीला तोंडपाठ आहे. तुमच्या वहीत ते चालेल का?

वसुधा_गोरेगाव

तेच आधी लिहू. कधी येऊ?

डोलकर

झाडं झाली की तिवरं पण लिहा. इकडे येणार असाल तर ओहोटीला या, भरतीला नुसतं पाणी दिसतं. पायात जुन्या चपला घाला, चिखलात राहतात.